स्क्रीन येते कुठून, जाते कुठे: मोबाइल ॲपमधले व्ह्यू आणि नेव्हिगेशन

अँड्रॉइड फोन आडवा केला की समोर दिसणारी स्क्रीन मोडीत निघते आणि तिच्या जागी नवी उभी राहते. वापरणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही, लागूही नये. पण ॲप लिहायला शिकणाऱ्यांनाही ही गोष्ट उशिरानेच कळते, कारण शिकवणीतली उदाहरणं एका स्क्रीनची असतात आणि ती उभ्या धरलेल्या फोनवर चालवून दाखवलेली असतात.

खऱ्या ॲपमध्ये दोन प्रश्न कायम मानगुटीवर बसलेले असतात. व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा भाग, कधी तयार करायचा आणि कधी टाकून द्यायचा, हा पहिला. एका स्क्रीनवरून दुसरीवर गेल्यावर परतीची वाट कशी लक्षात ठेवायची, हा दुसरा. पहिल्याला व्ह्यू क्रिएशन म्हणतात, दुसऱ्याला नेव्हिगेशन, आणि अभ्यासक्रमात ही दोन वेगळी प्रकरणं असतात. मला तो एकच विषय वाटतो. व्ह्यू आपल्या मालकीचा नसतो, तो सिस्टीमच्या मर्जीने येतो-जातो. आपल्या मालकीची असते ती माहिती: कोणती यादी उघडली होती, त्यातलं काय पाहत होतो, फॉर्म कुठवर भरला होता. ही माहिती व्ह्यूच्या बाहेर नीट ठेवली असेल तर व्ह्यू कितीही वेळा पडला तरी पुन्हा बांधता येतो.

उदाहरण घरचंच घेऊ. गोव्यातल्या जत्रा आणि त्यांत होणारी मराठी उत्सवी नाटकं यांचं एक ॲप लिहायचं आहे. पहिल्या स्क्रीनवर तालुके: पेडणे, बार्देश, डिचोली, सत्तरी, फोंडा, काणकोण आणि बाकीचे. तालुका निवडला की तिथल्या जत्रांची यादी, जत्रा निवडली की तिची माहिती, तिथून त्या रात्रीचं नाटक, आणि नाटकावरून ते करणारं मंडळ. शिवाय देवस्थान समितीच्या माणसाला नाटकाची माहिती भरता यावी म्हणून एक फॉर्म.

यातलं प्रत्येक बटण, प्रत्येक ओळ, प्रत्येक चित्र म्हणजे एक व्ह्यू. मेमरीत जागा घेणारी ती एक वस्तू असते. एका व्ह्यूच्या पोटात दुसरे, त्यांच्या पोटात आणखी, असं झाड तयार होतं. सिस्टीम आधी प्रत्येकाची लांबी-रुंदी मोजते, मग जागा ठरवते, मग रंगवते. हे सगळं मेन थ्रेडवर, म्हणजे ॲपच्या कामांच्या मुख्य रांगेत, चालतं, आणि वापरणाऱ्याचं बोट ओळखण्याचं कामही तोच थ्रेड करतो. सेकंदाला ६० वेळा पडदा ताजा करणाऱ्या फोनवर एका फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रासाठी, साधारण १६ मिलिसेकंद मिळतात, १२० वेळा करणाऱ्यावर त्याच्या निम्मे. त्याहून जास्त वेळ लागला की स्क्रोल अडखळतो. म्हणून लागेपर्यंत व्ह्यू बनवायचाच नाही, ही सवय चांगली. पाच टॅब असतील तर उघडलेला एक बनवा. बाकीचे चार कोणी दाबलेच नाहीत तर त्यांचा खर्च वाचला.

आता फॉर्म. समितीतले एक काका तो भरतायत. नाटकाचं नाव टाइप केलं, पडदा उघडण्याची वेळ टाकली, एकेक करून सहा कलाकारांची नावं यादीत जोडली, गॅलरीतून पोस्टर घेतलं. पोस्टर आडवं आहे म्हणून नीट बघायला त्यांनी फोन आडवा केला.

"अरे, नावं खंय गेली रे सगळी?"

"काका, फोन उभाच धरा."

हा सल्ला अर्ध्या महाराष्ट्र-गोव्यात दिला जात असेल. खरं काय घडलं ते बघू. अँड्रॉइडमध्ये एका पूर्ण स्क्रीनच्या चौकटीला ॲक्टिव्हिटी म्हणतात. फोन फिरला की जुनी ॲक्टिव्हिटी ऑन-पॉज, ऑन-स्टॉप, ऑन-डिस्ट्रॉय या पायऱ्या उतरत संपते. मग नवी ॲक्टिव्हिटी ऑन-क्रिएटपासून सुरू होते, कारण आडव्या फोनसाठी मांडणी वेगळी असू शकते आणि ती पहिल्यापासून वाचणं सिस्टीमला सोपं पडतं. गंमत म्हणजे काकांनी टाइप केलेलं नाटकाचं नाव शाबूत राहिलं. मजकुराच्या चौकटीला आयडी दिलेला असेल तर ती स्वतःचा मजकूर स्वतः जपते. गेली ती कलाकारांची यादी आणि पोस्टर, कारण ती दोन्ही ॲक्टिव्हिटीतल्या साध्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडमधल्या माहिती ठेवायच्या कप्प्यांत, होती. ॲक्टिव्हिटी गेली, तिच्याबरोबर व्हेरिएबल गेले. अर्धा फॉर्म शिल्लक आणि अर्धा गायब असं दिसलं की समजावं, घोटाळा इथे आहे.

बरेच जण यावर स्क्रीन उभी लॉक करून मोकळे होतात. मला हा उपाय पटत नाही. फोन फिरवणं हे एकच कारण नाही. भाषा बदलली, अक्षरांचा आकार मोठा केला, रात्री डार्क मोड आपोआप चालू झाला, दोन ॲप शेजारी-शेजारी उघडली, तरी तेच घडू शकतं. त्यात अँड्रॉइड १६ पासून, त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या ॲपचं हे लॉक टॅबलेटसारख्या मोठ्या स्क्रीनवर सिस्टीम मोजतच नाही.

योग्य उपाय म्हणजे ती यादी व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवणं. व्ह्यूमॉडेल ही ॲक्टिव्हिटीच्या बाहेर राहणारी वस्तू. फोन फिरला तरी ती टिकते, आणि नवी ॲक्टिव्हिटी आली की तिच्याकडून माहिती घेऊन स्क्रीन पुन्हा भरते. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पुढची पायरी मात्र निसटते.

काका पोस्टरचा फोटो काढायला कॅमेऱ्यात गेले. फोन साधा, रॅम कमी, कॅमेरा खादाड. सिस्टीमने जागा करण्यासाठी मागे पडलेलं आपलं ॲप मारून टाकलं. ॲक्टिव्हिटीच नव्हे, अख्खी प्रोसेस, म्हणजे मेमरीत चालू असलेलं पूर्ण ॲप. व्ह्यूमॉडेलही त्या प्रोसेसमध्येच राहत होतं, तेही गेलं. काका परत आले की सिस्टीम ॲप पुन्हा सुरू करते आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात त्यांना थेट फॉर्मवर आणून बसवते. या प्रसंगातून वाचणारी गोष्ट म्हणजे सेव्ह्ड स्टेट: सिस्टीम ॲपच्या बाहेर सांभाळून ठेवते ते छोटं बंडल. छोटं या शब्दावर जोर आहे. हे बंडल ज्या वाटेने जातं तिची एकूण मर्यादा १ एमबीच्या आसपास असते आणि तीही पूर्ण प्रोसेसमध्ये वाटलेली. पोस्टरचा फोटो त्यात कोंबला तर ॲप तिथेच कोसळेल. फोटोची प्रत ॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरवायची आणि बंडलमध्ये फक्त फाइलचा पत्ता ठेवायचा.

ॲक्टिव्हिटीच्या आत फ्रॅगमेंट, म्हणजे स्क्रीनचे सुटे भाग, असतात. २०११ मध्ये अँड्रॉइड ३.० बरोबर ते आले, टॅबलेटच्या मोठ्या पडद्यावर एकाच ॲक्टिव्हिटीत दोन भाग शेजारी मांडता यावेत म्हणून. आज अनेक ॲपमध्ये ॲक्टिव्हिटी एकच असते आणि स्क्रीन बदलते ती फ्रॅगमेंट बदलून. फ्रॅगमेंटची खोच अशी की त्याला दोन आयुष्यं असतात, एक त्याचं स्वतःचं आणि एक त्याच्या व्ह्यूचं. आपल्याकडच्या उत्सवी नाटकात प्रवेश संपला की राजवाड्याचा रंगवलेला पडदा जातो आणि जंगलाचा येतो. राजाचं काम करणारा नट तेव्हा विंगेत उभा असतो, वाक्यं त्याच्या डोक्यात असतात, पडद्यावर लिहिलेली नसतात. फ्रॅगमेंट हा नट, व्ह्यू हा पडदा. जत्रांच्या यादीवरून नाटकाच्या स्क्रीनवर गेलात की यादीच्या फ्रॅगमेंटचा व्ह्यू ऑन-डिस्ट्रॉय-व्ह्यूमध्ये मोडला जातो. फ्रॅगमेंट मात्र जिवंत राहतो. परत आलात की ऑन-क्रिएट-व्ह्यू पुन्हा चालतं आणि नवा व्ह्यू बनतो.

यातून दोन नेहमीचे बग निघतात. पहिला: फ्रॅगमेंटने जुन्या व्ह्यूचा संदर्भ धरून ठेवला, तर तो अख्खा व्ह्यू, त्यातल्या चित्रांसकट, मेमरीत अडकून राहतो. याला मेमरी लीक म्हणतात. ऑन-डिस्ट्रॉय-व्ह्यूमध्ये तो संदर्भ नल (रिकामा) करणं ही एका ओळीची दवा. दुसरा बग जास्त चकवणारा. व्ह्यू तयार झाला की आपण माहितीवर नजर ठेवणारा ऑब्झर्व्हर जोडतो. तो फ्रॅगमेंटच्या आयुष्याला बांधला तर व्ह्यू मोडल्यावरही तो सुटत नाही. परत आलो की दुसरा जोडला जातो, आणखी एकदा आलो की तिसरा. मग एकच संदेश दोनदा, तीनदा उमटायला लागतो. ऑब्झर्व्हर व्ह्यूच्या आयुष्याला बांधायचा असतो. त्यासाठी व्ह्यू-लाइफसायकल-ओनर वेगळा दिलेला आहे.

आयफोनची तऱ्हा निराळी. तिथे फोन फिरवला तर स्क्रीन मरत नाही, तीच नव्या मापात मांडली जाते. स्क्रीन सांभाळणाऱ्या वस्तूला व्ह्यू कंट्रोलर म्हणतात, आणि त्याचा व्ह्यू आळशी असतो: कोणी पहिल्यांदा मागितल्याशिवाय तो बनत नाही. बनला की व्ह्यू-डिड-लोड एकदा चालतं, आणि स्क्रीन समोर येताना दर वेळी व्ह्यू-विल-अपिअर. एके काळी मेमरी कमी पडली की आयओएस मागच्या स्क्रीनचे व्ह्यू उतरवत असे. आयओएस ६ पासून, म्हणजे २०१२ पासून, ते बंद झालं.

नवशिक्यांची आयफोनवरची ठेच ठरलेली. जत्रेच्या स्क्रीनवरून नाटकाची स्क्रीन उघडायची, म्हणून नाटकाचा व्ह्यू कंट्रोलर बनवला आणि लगेच त्याच्या लेबलात नाटकाचं नाव टाकलं. ॲप कोसळलं. कंट्रोलर आहे, पण व्ह्यू अजून बनलेला नाही, त्यामुळे लेबलच नाही. कंट्रोलरला नाटकाचा आयडी द्या. लेबल कधी भरायचं ते तो व्ह्यू-डिड-लोडमध्ये पाहून घेईल. दुसऱ्याच्या स्क्रीनच्या आतल्या लेबलला हात लावायला जाणं हीच मुळात आगाऊगिरी.

यादीतल्या ओळी

यादीचा वेगळा उल्लेख करायला हवा. गोव्यातल्या जत्रा शेकड्यांनी भरतील, पण फोनवर एका वेळी दिसतात आठ-दहा. म्हणून यादी दाखवणारा अँड्रॉइडचा रीसायकलर-व्ह्यू किंवा आयओएसचा टेबल-व्ह्यू दिसणाऱ्या ओळींपेक्षा थोड्याच जास्त ओळी बनवतो. वर सरकून दिसेनाशी झालेली ओळ तो खालून येणाऱ्या जत्रेसाठी पुन्हा वापरतो. बनवणं एकदा, भरणं शंभरदा.

पुन्हा वापरलेली ओळ कोरी नसते, आणि गोंधळ होतो तो इथे. शिरगावच्या लईराई देवीची जत्रा आज आहे म्हणून त्या ओळीवर 'आज' असा लाल शिक्का दाखवला. आज नसेल तर काय, हे लिहिलंच नाही. खाली सरकलात की तीच ओळ दुसऱ्या देवळाच्या वाट्याला येते आणि शिक्का तसाच. पाहणारा रात्री गाडी काढून तिथे गेला तर देवळासमोर काळोख! दाखवण्याचा कोड लिहिला तर लपवण्याचाही लिहायचा, दर वेळी. चित्रांचंही तसंच. सत्तरीच्या डोंगरात नेटवर्क रांगत असतं. लईराईचं चित्र मागवलं, ते येईपर्यंत ओळ मंगेशीच्या वाट्याला गेली, आणि उशिरा आलेलं चित्र मंगेशीच्या नावाखाली बसलं. ओळ परत जाताना जुनी मागणी रद्द करणाऱ्या तयार लायब्ररी आहेत. चित्रं उतरवण्याचा कोड हाताने लिहायची हौस नको.

परतीची वाट

आता नेव्हिगेशन. मूळ कल्पना साधी आहे. प्रत्येक नवी स्क्रीन आधीच्या स्क्रीनवर ठेवली जाते, त्याला पुश म्हणतात. बॅक दाबलं की वरची निघते, ते पॉप. या ढिगाला बॅक स्टॅक म्हणतात. तालुके, जत्रांची यादी, जत्रा, नाटक, मंडळ अशा पाच स्क्रीन, आणि पाच बॅकमध्ये बाहेर.

पण मंडळाच्या स्क्रीनवर त्याच मंडळाची बाकी नाटकं असतात. त्यातलं एक दाबलं, तिथून पुन्हा मंडळ, पुन्हा दुसरं नाटक. दहा मिनिटांत स्टॅकवर वीस स्क्रीन, आणि घरी परतायला वीस बॅक. इथे धोरण ठरवावं लागतं. नाटकावरून मंडळावर जाताना तेच मंडळ खाली स्टॅकमध्ये असेल तर नवी स्क्रीन पुश न करता तिथपर्यंतचं सगळं पॉप करता येतं. अँड्रॉइडच्या नेव्हिगेशन लायब्ररीत याला पॉप-अप-टू म्हणतात. लॉगिनचीही तीच गोष्ट: लॉगिन झालं की ती स्क्रीन स्टॅकमधून काढून टाका, नाहीतर बॅक दाबल्यावर आत गेलेल्या माणसाला पुन्हा दार दिसतं. बँकांच्या आणि सरकारी ॲपमध्ये हे आपण सगळ्यांनीच भोगलंय.

खरी परीक्षा डीप लिंकची, म्हणजे ॲपच्या आतल्या स्क्रीनवर थेट नेणाऱ्या लिंकची. कोणीतरी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाटकाची लिंक टाकली. दाबल्यावर ॲप थेट नाटकाच्या स्क्रीनवर उघडलं. आता मागे जायचं म्हणजे कुठे? तालुका, जत्रा या स्क्रीन उघडल्याच नव्हत्या. गूगलचं म्हणणं असं की वरच्या पट्टीतला बाण, ज्याला अप म्हणतात, तो कधीही ॲपच्या बाहेर नेत नाही. तो माणसाला याच ॲपच्या वरच्या पातळीवर नेतो. म्हणजे न उघडलेल्या स्क्रीनचा स्टॅक बनवून द्यावा लागतो: तालुके, फोंडा, ती जत्रा आणि वर नाटक. हे जमायचं असेल तर नाटकाच्या आयडीवरून त्याची जत्रा आणि जत्रेवरून तालुका शोधता आला पाहिजे. ज्यांनी आधीच्या स्क्रीनकडून पुढच्या स्क्रीनला अख्खी नाटकाची वस्तू हातोहात दिली, त्यांची इथे पंचाईत होते, कारण आधीची स्क्रीनच नाही. ज्यांनी फक्त आयडी पाठवला, त्यांना डीप लिंकसाठी वेगळं फार काही करावं लागत नाही.

खालच्या टॅबचा प्रश्न वेगळा. 'जत्रा' टॅबमध्ये तीन स्क्रीन आत गेलात, मग 'माझी नाटकं' टॅब दाबला आणि परत 'जत्रा' दाबला. तुम्ही होतात तिथेच सापडायला हवं. आयफोनवर प्रत्येक टॅबला स्वतःचा नेव्हिगेशन कंट्रोलर देण्याची पद्धत जुनीच, त्यामुळे हे तिथे आपसूक मिळतं. अँड्रॉइडच्या लायब्ररीत टॅबगणिक वेगळा स्टॅक २.४ आवृत्तीपासून आला. तोवर प्रत्येकाने आपापली जुगाडं केली होती आणि ती अजून जुन्या कोडमध्ये सापडतात.

बॅकच्या खुणेतही बदल झालाय. आधी बॅक दाबलं की ॲपला कळवलं जाई आणि काय करायचं ते ॲप तेव्हा ठरवी. अँड्रॉइड १३ पासून, २०२२ पासून, बोट कडेवरून आत ओढतानाच मागे काय आहे त्याची झलक दाखवायची सोय येऊ लागली. झलक दाखवायची तर सिस्टीमला आधीच माहीत हवं की हा बॅक ॲप स्वतःकडे घेणार की नाही. म्हणून जुनं ऑन-बॅक-प्रेस्ड मोडीत काढलं आणि त्याऐवजी आधी नोंदवून ठेवायचा कॉलबॅक, म्हणजे वेळ आली की सिस्टीमने चालवायचा कोड, आला. फॉर्म अर्धा भरलेला असेल तेव्हाच तो चालू ठेवायचा, एरवी बंद.

स्क्रीन लिहिण्याची नवी साधनंही आली: २०१९ मध्ये ॲपलने स्विफ्टयूआय जाहीर केलं, २०२१ मध्ये गूगलच्या जेटपॅक कम्पोजची पहिली पक्की आवृत्ती आली. गूगलचंच फ्लटर त्याआधीपासून याच वाटेवर होतं. यांत आपण व्ह्यू बनवत नाही, 'माहिती अशी असेल तर स्क्रीन अशी दिसेल' एवढंच लिहितो. फ्रॅगमेंटची दोन आयुष्यं वगैरे डोकेदुखी संपते. प्रश्न मात्र संपत नाही. कम्पोजमध्ये रिमेम्बरने जपलेली किंमत फोन फिरल्यावर जाते. रिमेम्बर-सेव्हेबलने जपलेली राहते. काकांची कलाकारांची यादी इथेही जाऊ शकते, फक्त कोड आटोपशीर दिसतो.

नेव्हिगेशनमध्ये मात्र ही नवी पद्धत मला मनापासून आवडते. स्विफ्टयूआयचा २०२२ चा नेव्हिगेशन-स्टॅक आणि गूगलने २०२५ मध्ये जाहीर केलेलं नेव्हिगेशन ३, दोन्हींत परतीची वाट म्हणजे आपल्या हातातली एक साधी यादी. तीत स्क्रीन नसतात, पत्ते असतात: तालुका फोंडा, जत्रा अमुक, नाटक तमुक. यादीत एक पत्ता जोडला की पुढे, काढला की मागे. डीप लिंक म्हणजे तीन पत्त्यांची यादी एकदम भरणं. अख्खी वाट जपायची तर ही यादी सेव्ह्ड स्टेटमध्ये टाकली की झालं, कारण ती काही शे अक्षरांची असते.

हे सगळं तपासायचं कसं? अँड्रॉइडच्या सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' नावाचं बटण असतं. ते चालू करून ॲप वापरा. दुसऱ्या ॲपवर जाताच आपली ॲक्टिव्हिटी मोडली जाईल. पण अख्खी प्रोसेस मरण्याची चाचणी याने होत नाही. रिसेंट्समधून, म्हणजे अलीकडे वापरलेल्या ॲपच्या यादीतून, ॲप वर ढकलून देणं हीसुद्धा ती चाचणी नव्हे, कारण तसं केलं की सेव्ह्ड स्टेटही फेकली जाते आणि ॲप पहिल्यापासून उघडतं. होम दाबून ॲप मागे टाका, फोन केबलने संगणकाला जोडून एडीबी या संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाच्या 'एएम किल' आज्ञेने प्रोसेस मारा, आणि मग रिसेंट्समधून ॲपवर परत या. फॉर्मची स्क्रीन आली पण कलाकार नाहीत, तर यादी अजून व्ह्यूमॉडेलच्या पुढे पोचलेली नाही. ॲप उघडताच कोसळलं, तर सगळ्या ॲपला दिसणाऱ्या कुठल्या तरी ग्लोबल व्हेरिएबलमध्ये निवडलेला तालुका ठेवलेला असणार. तो भरायचा कोड पहिल्या स्क्रीनवर आहे, आणि या खेपेला ॲप पहिल्या स्क्रीनवरून गेलंच नाही.